घासलेली शिवराई

दिगंबर सोहोनी आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. शनिवार पेठेचं मत थोडं निराळं होतं. हा गृहस्थ खरं बोलतो तो समोरच्याचं तोंड उतरलेलं बघायला, असं पेठ म्हणायची. दोन्हींत तथ्य होतं. जकात नाक्यावर एकतीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते, आणि तिथल्या चिल्लरीनं त्यांना जुन्या नाण्यांचं वेड लावलं होतं. कुणाच्या घरी जुनं नाणं निघालं की कुणीतरी म्हणायचंच, सोहोनींना दाखवा. अपमान करतील, पण फसवणार नाहीत.

दोन हजार सात साली पुण्यात नाणी फार निघत होती. एका वर्तमानपत्रानं ‘आजोबांच्या डब्यात लाखाचं नाणं’ अशा मथळ्याचा लेख छापला आणि खाली सोहोनींचा फोन नंबर दिला, तोही त्यांना न विचारता. मग दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी रुमालात बांधून माणसं तीन मजले चढू लागली. ज्यांची मुलं कंपन्यांत संगणकापुढं बसून बापाच्या पेन्शनच्या पाचपट मिळवत होती, तीही आली. "जुनं आहे हो," असं म्हणायची. "जुना मीही आहे," दिगंबरराव म्हणायचे, "मला कोण विकत घेतंय?"

त्यानंतर ते शाळामास्तरासारखं एकदाच समजावून सांगत. नाण्याची किंमत त्याच्या वयावर नसते, तसली किती उरली आहेत त्यावर असते. कुठल्या टांकसाळीतून निघालं, ती खूण शाबूत आहे का, अक्षरं वाचता येतात का, वजन किती उतरलंय, हे बघायचं. झिजलेलं चालतं. हजार हातांतून गेलेलं नाणं झिजणारच, त्यात त्याचा काय दोष? पण घासलेलं चालत नाही. तांब्यावर शे-दोनशे वर्षांत जो काळपट हिरवा थर चढतो ती त्याची कातडी. ती सोलली की खाली नुसतं तांबं उरतं, आणि तांबं भांड्यांच्या दुकानात किलोनं मिळतं.

त्यांच्याजवळच्या प्रत्येक नाण्याला एक कागदी पाकीट होतं आणि पाकिटावर चार ओळी. नाव, वजन, झीज आणि दोष. चौथी ओळ लाल शाईत. भोक पाडलं असेल, डाग दिला असेल, घासलं असेल, तर ते तिथं लिहायचं, आणि ते कुणी केलं हे ठाऊक असेल तर त्याचं नावही. एका पाकिटावर लिहिलं होतं, ‘दोष : चिंचेने घासले. आई, दिवाळी १९६८.’ हेमाताईंना हे कधी पटलं नाही. "अहो, आईंचं नाव काय घालता त्यात?" त्या म्हणायच्या. "खरं आहे ते घालतो," एवढंच उत्तर मिळायचं.

फोन करणाऱ्यांसाठी हेमाताईंनीच एक पुठ्ठा फोनशेजारी टांगला होता. एक, घासू नका. दोन, अक्षरं दिसतात का? तीन, रविवारी सकाळी दहा. नवरा चिडला की विसरतो, हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी ते चिडलेलेच होते. सकाळपासून चार फोन झाले होते, आणि चौथ्यानं तर परदेशी शीतपेयाच्या बाटलीच्या बुचाची चौकशी केली होती. पाचवा फोन वाजला.

"सोहोनी साहेब हायेत का? मी सुखदेव बोलतो, खराडीहून. आमच्याजवळ एक तांब्याचं नाणं हाय, आजीच्या पेटीतलं. काळंहिरवं पडलंय."

"अक्षरं दिसतात का?"

"थोडी थोडी दिसतात."

"थोडी थोडी म्हणजे काय? वाचता आली पाहिजेत. स्पष्ट दिसत नसतील तर आपण इतक्या लांब येऊ नका, आपलाही वेळ जाईल आणि माझाही. दिसत असतील तर पुढच्या रविवारी, दहाला."

फोन ठेवताना पुठ्ठा समोरच होता. पहिली ओळ वाचायची राहिली, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मुळात त्या माणसाचं नावही दुपारपर्यंत ते विसरून गेले.

पुढच्या रविवारी दहाला पाच कमी असताना सुखदेव दारात उभा होता. पन्नाशीचा, वाळका माणूस. अंगात सुरक्षारक्षकाचा निळा शर्ट, खिशावरचं कंपनीचं नाव झाकायला वरून स्वेटर. चपला त्यानं जिन्यातच काढल्या होत्या. खुर्ची दाखवली तरी तो कडेला टेकून बसला आणि पाणी देणाऱ्या हेमाताईंना उठून नमस्कार केला.

"मी इथला नाई. वाशिमकडला. अकरा वर्षं झाली पुण्यात, एका कंपनीच्या गेटावर असतो," तो म्हणाला. "नाणं विकायचं नव्हतं आम्हाला. देवाचं म्हणून ठेवलेलं. पण पोरगं आत हाय."

आत म्हणजे येरवड्याला. सुदर्शन, वय चोवीस. कॉल सेंटरच्या पोरापोरींना रात्री आणायची-सोडायची गाडी चालवायचा. ठेकेदारानं एका ड्रायव्हरच्या रजेत दोघांचं काम त्याच्या एकट्याच्या गळ्यात घातलं. तिसऱ्या पहाटे स्टिअरिंगवर डोळा लागला आणि सायकलवरून दूध घालणारा एक माणूस गेला. ठेकेदारानं दुसऱ्या दिवसापासून ओळख दाखवली नाही. पाच महिने झाले होते.

"कोर्टानं जामीन दिलाय," सुखदेव सांगत होता. "पण पंचवीस हजार रोख भरा म्हणतेत, नाईतर पुण्यात घरदार असलेला जामीनदार आणा. आपल्याला इथं कोण वळखतं? बस रोज येरवड्यावरून जाते, साहेब. मी त्या बाजूला बसतच नाई."

जामीनदाराचं वाक्य दिगंबररावांनी ऐकलं. डोक्यावरचं छप्पर त्यांच्या स्वतःच्या नावावर होतं आणि त्याची कागदपत्रं पलीकडच्या कपाटात होती. पण अनोळखी माणसाच्या अशा भानगडीत आपण कशाला, हा विचार इतक्या पटकन आला आणि गेला की तो आला होता हे त्यांनी स्वतःशीही मान्य केलं नसतं. त्यांनी हात पुढं केला. "दाखवा."

सुखदेवनं आधी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. त्याच्या कंपनीतल्या तेजस नावाच्या इंजिनिअरनं महिन्यापूर्वी नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढले होते आणि ऑफिसच्या प्रिंटरवर मोठे करून छापून दिले होते. दिगंबररावांनी चष्मा वर सारला, भिंग घेतलं.

शिवराई होती, मराठेशाहीतला तांब्याचा पैसा. त्यात नवल काही नव्हतं, तसल्या त्यांच्या डब्यातच पन्नास पडल्या होत्या आणि रविवारच्या बाजारातही मिळत. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अक्षरं झिजली होती, पण काळ्या थरातून उठून वाचता येत होती. मग भिंग खाली सरकलं. ‘पति’च्या पायाशी एक चंद्रकोर होती आणि तिच्या पोटात तीन ठिपके.

ते चंद्र-ठिपके त्यांनी तीस वर्षांपूर्वी एकदाच बघितले होते, त्यांना नाणी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींच्या वहीत, पेन्सिलीनं घासून उमटवलेल्या ठशात. चार-दोन महिने चाललेली एक आडगावची टांकसाळ, असं गुरुजी म्हणायचे. प्रत्यक्ष नाणं त्यांनाही मिळालं नव्हतं. दीड लाख, त्यांनी मनात म्हटलं. मुंबईच्या लिलावात दोनही येतील. पण नाणं हातात घेतल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही ही त्यांची शिस्त होती. ते आत वळून म्हणाले, "हेमा, चहा टाक. दोघांना." रविवारच्या पाहुण्याला चहा विचारल्याचं हेमाताईंना आठवत नव्हतं.

"आता नाणं काढा."

सुखदेवनं स्वेटरच्या आतून एक डबी काढली, कुंकवाची असावी. झाकण उघडून दोन्ही हातांनी पुढं केली, देवळात धरावी तशी.

आत एक गुलाबी चकती होती. नवीकोरी आणि ओलसर दिसणारी. अक्षरांच्या जागी काही उंचवटे होते, ते ठाऊक असलेल्यालाच अक्षरं वाटले असते. चंद्रकोर नव्हती. दिगंबररावांनी ती भिंगाखाली धरली, उजेडाकडं तिरपी केली, पुन्हा धरली. त्या जागी आडव्यातिडव्या बारीक चऱ्या होत्या. नाण्याची राहिलेली अक्षरं त्या थरातच होती, आणि थर गेला होता.

"हे... असं कसं झालं?"

"द्वारकानं घासलं, माझी बायको," सुखदेव म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. "तुम्ही फोनवर म्हणला ना, अक्षरं स्पष्ट दिसाया पाहिजेत. मंग चिंचेनं घासलं, आपण देव घासतो तसं. थोडं निघालं. मंग हाऊसकीपिंगच्या बाईकडून मी ॲसिड आणलं वाटीभर, संडासाचं. रात्रभर ठेवलं त्यात. सकाळी तारेच्या घासणीनं घासलं. द्वारका म्हणे, एवढ्या मोठ्या माणसापुढं काळं नाणं कसं न्यावं?"

हेमाताई चहा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या आणि त्यांची नजर फोनशेजारच्या पुठ्ठ्यावर गेली. दिगंबररावांनी तिकडं बघितलं नाही.

"काहून हो साहेब, घासायला नको होतं का?"

एकतीस वर्षं आणि त्यानंतरची अकरा, इतका काळ दिगंबर सोहोनींनी असल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं होतं. लोक रडले होते, भांडले होते, एका बाईंनी डबा फेकून मारला होता. तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं, कारण घासणारे हात दुसऱ्याचे असत. आज पहिल्यांदा खरं सांगायचं म्हणजे स्वतःबद्दल सांगायचं होतं. ते त्यांना जमलं नाही. स्वतःला त्यांनी समजावलं ते असं, की ही दया आहे. या माणसाच्या बायकोनं आयुष्यभर तो हात कसा वागवायचा?

"तसं काही नाही," ते म्हणाले. "साधी शिवराई आहे. आधीही शे-दीडशेचीच होती. घासल्यानं काही बिघडलं नाही."

सुखदेवनं मान हलवली. "बरं झालं सांगितलं. द्वारकाच्या जिवाला घोर लागला होता, ॲसिडनं काही होतं का म्हणून. तिला सांगतो." चहा त्यानं बशीत ओतून एका दमात प्यायला.

"मी पाचशे देतो. ठेवून जा," दिगंबरराव एकाएकी म्हणाले.

"शे-दीडशेचं म्हणला ना तुम्ही? मंग पाचशे कशाचे?" सुखदेवनं डबी बंद केली. "देवात ठेवू पुन्हा. चमकायला लागलंय छान."

"मग तो कागद तरी राहू द्या. फोटोचा."

"ठेवा की. कागदाचं काय."

तो गेल्यावर हेमाताईंनी कप उचलले. "पहिली ओळ वाचली नव्हतीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा इथंच भाजी निवडत होते." दिगंबररावांनी भिंग उचललं आणि कागदावरची चंद्रकोर पुन्हा बघायला घेतली. संध्याकाळपर्यंत ते तिथून उठले नाहीत.

तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत त्यांनी एकदा कपाटातून घराची कागदपत्रं काढून टेबलावर ठेवली आणि एकदा परत आत ठेवली. सुखदेवचा पत्ता घेतला नव्हता, ही सबब चांगली होती. खराडीला कंपन्या शंभर आणि गेटं दोनशे, कुठं शोधायचं? सबब खोटी होती. कागदावर खालच्या कोपऱ्यात त्या कंपनीचं नाव बारीक अक्षरात छापलेलं होतं, आणि बारीक अक्षरं वाचण्यातच तर त्यांचा जन्म गेला होता.

मार्चच्या मधल्या रविवारी दार वाजलं. सुखदेव. या वेळी स्वेटर नव्हता, शर्टही साधा होता. तो बसला नाही.

"तेजस सरांनी तो फोटो इंटरनेटवर टाकला होता," तो उभ्यानंच म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मुंबईच्या एका व्यापाऱ्याचं उत्तर आलं. फोटोतलं नाणं असंन तर नव्वद हजार रोख देतो म्हणे. मी म्हणलं, सोहोनी साहेब तर शे-दीडशे बोलले. तेजस सर म्हणे, काका, ते पाचशेला मागत होते ना? फोटोचा कागदही ठेवून घेतला ना? मंग समजा."

दिगंबररावांनी समोरची खुर्ची पुढं सारली. सुखदेवनं तिकडं बघितलं नाही.

"माझा इश्वास नाई बसला. द्वारका म्हणे, माणूस तसा वाटला का तुम्हाला? म्हणलं नाई वाटला. पण नव्वद हजार, साहेब. सोमवारी मुलाखतीला गेलो तर जाळीतून पोराला सांगून बसलो, रविवारी तू घरी. त्यानं तिथं सगळ्यांना सांगितलं. साबण, टॉवेल वाटून टाकला त्यानं. मंग बुधवारी मुंबईला गेलो. व्यापाऱ्यानं डबी उघडली आणि तशीच बंद केली. म्हणे, हे कोणी केलं? म्हणलं आम्हीच. पुण्यात कोणाला दाखवलं होतं का? म्हणलं हो, सोहोनी साहेबांना. म्हणे, मंग त्यांनी सांगितलं नाई का, तुम्ही लाख-दीड लाख ॲसिडात धुतले म्हणून?"

आत भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला.

"तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं ना?"

"होतं," दिगंबरराव म्हणाले. "चूक माझी. फोनवर मी सांगायला हवं होतं, घासू नका म्हणून. सगळ्यांना सांगतो. आपल्याला सांगायचं राहिलं."

"दोन शब्द," सुखदेव म्हणाला.

"हो."

"ते राहिले तर राहिले. माणूस इसरतो. पण मंग तोंडावर खरं का नाई सांगितलं? आम्ही रडलो असतो आणि गप बसलो असतो. पोराला रविवार कशाला दिला असता मी?"

दिगंबरराव उठले. कपाट उघडून त्यांनी खालच्या कप्प्यातली फाईल काढली. सगळं एका दमात बोलून टाकावं असं त्यांना झालं होतं. "हे घर माझ्या नावावर आहे. मी जामीन राहतो. उद्याच कोर्टात येतो आपल्याबरोबर. खरं म्हणजे त्याच दिवशी यायला हवं होतं."

सुखदेवनं फाईलकडं बघितलं. हात पुढं केला नाही.

"शुक्रवारी तारीख होती," तो म्हणाला. "गुरुवारी मी जाऊन त्याला सांगितलं होतं, काही होत नाई म्हणून. शुक्रवारी जज साहेबासमोर उभं केलं तर वकिलाला न विचारता म्हणे, गुन्हा कबूल हाय. मंग मला म्हणे, उगंच घरी नेतो नेतो म्हणू नका. दीड वर्षाची सजा लागली. भोगलेले सहा महिने वजा." त्यानं फाईलकडं बोट केलं. "आता जामीन कशाला लागतो, साहेब?"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. हेमाताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता आणि त्या नवऱ्याकडं बघत नव्हत्या.

सुखदेवनं खिशातून कुंकवाची डबी काढून टेबलावर ठेवली. "हे ठेवा तुमच्याजवळ. द्वारका घरात नको म्हणते. दिवसभर हाताचा वास घेत बसते." मग जिन्यात जाऊन चपला घातल्या आणि तीन मजले उतरून तो गेला. तो ओरडला असता, डबा फेकून मारला असता, तर दिगंबररावांना सोपं गेलं असतं. त्याची तर त्यांना सवय होती.

दुपारी त्यांनी एक नवं पाकीट घेतलं. लहान तराजू काढला आणि नाणं तोललं. काळ्या शाईनं पहिली ओळ लिहिली, ‘नाव : शिवराई, चंद्रकोर व तीन ठिपके.’ दुसरी, वजन, दहा ग्रॅमला थोडं कमी. तिसरी, ‘झीज : साधारण.’ मग लाल शाईचं पेन उघडून ते बराच वेळ बसले. पेनाचं टोक वाळलं, ते त्यांनी झटकलं.

"जेवायला वाढलंय," हेमाताई म्हणाल्या.

"ही ओळ झाली की येतो."

‘दोष : घासले,’ त्यांनी लिहिलं. पुढं नाव घालायचं असतं. द्वारकाचं नाव त्या ओळीत बसत नव्हतं, सुखदेवचंही नाही. ‘दिगंबर सोहोनी, फेब्रुवारी २००७,’ असं त्यांनी अक्षर न अक्षर सुटं काढून लिहिलं, कुणालाही वाचता येईल असं. खाली आणखी थोडी जागा उरली होती. तिथं सुदर्शनबद्दल काहीतरी लिहायला हवं होतं, पण पाकिटावर ओळी चारच होत्या. तेवढ्यात फोन वाजला. हेमाताई उचलत नाहीत हे बघून ते उठले, रिसीव्हर कानाला लावला आणि पलीकडचा माणूस बोलायच्या आत म्हणाले, "घासू नका."

"नाही हो आजोबा," पलीकडून एक बाई म्हणाली, "ते तर आम्ही कालच चकचकीत करून ठेवलंय."